सातव्या डब्यातली जास्तीची वस्तू

१

बोरवडीचा वीर जाग्यावर नाही, ही बातमी जयवंताबाई मारकडांना बारामतीच्या एस.टी. स्टँडवर कळली. सांगणाऱ्या कंडक्टरने तिकीट फाडता फाडता चोरसुद्धा सांगून टाकला.

"अहिवळ्यांचा विकी हो, बाई. भिगवणच्या चौकीत बसवून ठेवलाय. तुमच्याच हाताखाली शिकला म्हनं."

वीर म्हणजे दगड. लढताना पडलेल्या माणसाच्या नावाने गावं पूर्वी दगड कोरून उभा करत, त्यातलाच एक. उजनीचं धरण भरलं तेव्हा बोरवडी पाण्याखाली गेली आणि माणसं वर माळावर येऊन नवी बोरवडी झाली. पण उन्हाळ्यात पाणी हटलं की जुनं गाव पुन्हा वर येतं. देवळाचा चौथरा दिसतो, चावडीच्या भिंती दिसतात, आणि चौथऱ्याशेजारी हा दोन वितींहून थोडा मोठा दगड. त्यावर काठी घेतलेला एक माणूस, पायाशी जनावरं, आणि वरच्या अंगाला त्याला स्वर्गात नेणाऱ्या बाया. कुणाची तरी जनावरं राखताना मेला असणार बिचारा. त्याचं नाव पाण्याखाली जायच्या आधीच लोक विसरले होते.

तो दगड चारचौघांना दाखवला होता जयवंताबाईंनी, हेच आता त्यांच्या छातीत रुतून बसलं.

बाई बारामतीच्या शाळेत इतिहास शिकवत. पोरांना पानिपत तोंडपाठ, पण स्वतःच्या वेशीवरचा शिलालेख म्हणजे कुणीतरी मारलेल्या रेघोट्या, ही त्यांची कायमची चिडचिड. विलायतेत लोक माळावर डबे लपवतात आणि दुसरे ते शोधतात, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं आणि त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. पावडरचे, बिस्किटांचे पत्र्याचे डबे गोळा झाले. प्रत्येक डब्यात त्या जागेची चार ओळींची हकिकत आणि पुढच्या डब्याचं कोडं. पहिला डबा सांगवीच्या जुन्या बारवेत, चौथा लासुर्ण्याला, आणि सातवा, शेवटचा, बोरवडीच्या वीरापाशी.

खेळाचा नियम एकच, आणि तो कुठं लिहिलेला नव्हता; खेळणाऱ्याला तोंडीच सांगायचा. डब्यातून एखादी वस्तू हवी तर घ्या, पण तिच्या तोलाची दुसरी ठेवल्याशिवाय घेऊ नका. हा नियम बाईंनी पहिल्यांदा घोकून घेतला तो दिवाळीच्या सुट्टीत, लासुर्ण्याला मामीच्या अंगणात जमलेल्या भाचरांकडून.

सातव्या डब्यापर्यंत सगळ्यांत आधी पोचला होता विकी. आणि विकीची पोलीस भरतीत निवड झाली होती. चारित्र्य पडताळणीचा कागद त्याच चौकीत येऊन पडला होता, जिथं आता तो स्वतः बसला होता. गुन्हा नोंदला गेला की नोकरी गेली, आणि पुन्हा मिळायची नाही. बाईंनी एस.टी.च्या खिडकीबाहेर बघितलं, पण बघण्यासारखं काही दिसेना.

२

गाळाच्या भेगाळलेल्या जमिनीवरून चालत बाई चौथऱ्यापाशी आल्या तेव्हा तिथं अर्धं गाव जमलं होतं. फौजदार रुमालाने मान पुसत होते. त्यांच्या शेजारी सरपंच दादासाहेब, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. जरा मागे सावळाराम, भिगवणला हायवेवर ढाबा चालवणारा. त्याला जुनी जाती, उखळं, तुळशीवृंदावनं विकत घेऊन ढाब्याच्या बागेत मांडायचा छंद होता.

"या बाई," दादासाहेब म्हणाले. "तुमच्या खेळापायी आमचा पूर्वज गेला. नव्या देवळात बसवणार हुतो त्येला. मूर्तीवाला सांगून ठिवलाय, जागा आखून झालीय."

"विकीनं नेला, हे कुणी बघितलं?"

"बघायला कशाला पायजे? त्या दिवशी चौघांत माझ्याशी भांडला. म्हनतो, ह्यो तुमचा पाटील न्हाय, काठीवाला आमचा वेसकर हाय. मला बोलला, आनि दोन दिसांत दगड गायब."

फौजदार समजूतदार माणूस होता. ते बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "मी उद्या सकाळपर्यंत थांबतो. सरपंच लेखी तक्रार घेऊन येणार. तक्रार आली की माझ्या हातात काही राहत नाही."

बाई खड्ड्यापाशी बसल्या. दगड उपटून काढला नव्हता. भोवतीची माती हळूहळू, हातांनी उकरल्यासारखी दिसत होती. आणि तळाशी पिवळं काहीतरी विखुरलं होतं. बाईंनी चिमूट उचलून वास घेतला. भंडारा. देवाला उधळतात तीच हळद.

"करणीबिरणी असंल," हवालदार म्हणाला.

बाईंना ते पटेना. ज्याला दगड विकायचा आहे तो दगडाची परवानगी मागत बसत नाही. आणि विकीच्या घरात छप्पन सालच्या धर्मांतरापासून भंडाऱ्याची वाटीसुद्धा नाही, हे गावाला माहीत असून गाव विसरलं होतं.

गाडीच्या चाकांची खूण कुठंच नव्हती. भेगांखालच्या ओल्या गाळात सायकलसुद्धा रुतली असती. खड्ड्यासमोर नुसत्या मेंढ्यांच्या लेंड्या आणि खुरांनी तुडवलेली माती.

"मेंढरं रोजच हिंडत्यात हितं," हवालदार म्हणाला. "त्येचं काय."

मग बाईंनी चौथऱ्याच्या कपारीतून डबा काढला. रविवारी त्यांनी स्वतः तो तपासला होता. आत एक शिट्टी, काचेची गोटी, परदेशी पोस्टाचं तिकीट आणि कासवाची अंगठी होती. आता डबा उघडला तर शिट्टी होती. गोटी होती. तिकीट आणि अंगठीही होती. चारी वस्तू जागच्या जागी.

आणि पाचवी एक वस्तू होती. चांदीचं जोडवं, एकच.

बाईंनी ते उचललं आणि डबा बंद केला. डब्यातून कुणी काहीच घेतलं नव्हतं, तरी तोलाची वस्तू ठेवली होती. मग घेतलं होतं काय? दगड नेणाऱ्याने नियम पाळला होता.

३

सावळारामच्या ढाब्यावर दुपारी माश्यांचं आणि ट्रकवाल्यांचं राज्य असतं. सावळारामने बाईंना पंख्याखाली बसवलं.

"मी मागितला हुता दगड, खोटं कशाला बोलू," तो म्हणाला. "दादासायबानं शिव्या दिल्या, विषय संपला. माझा माल टेम्पोतनं येतो, बाई. गाळात टेम्पो घातला असता तर अजून तितंच असतो मी."

"डब्याचा खेळ माहीत आहे तुम्हाला?"

"पिंकी खेळती की, माझी पोरगी. काय ती शिट्ट्या नि गोट्या आनती." त्याने बाईंच्या तळहातावरचं जोडवं बघितलं. "ह्ये न्हाय तिचं. लग्नाआधी कोन घालतंय जोडवी? आनि माझी बायको काढंल व्हय पायातनं, मी जित्ता असताना?"

तो हसत होता, पण बाईंच्या मनाने ते वाक्य उचलून बाजूला ठेवलं.

चौकीत विकी बाकावर ताठ बसला होता. त्याची आई शालन दाराशी जमिनीवर. बाईंना बघून ती उठली आणि पुन्हा बसली. तिच्या त्या बसण्याने बाईंना अपराध्यासारखं झालं.

"बाई, मी कशाला नेऊ?" विकी म्हणाला. "मला तो तितंच पायजे हुता. वेशीवर काठी घेऊन आमचीच मानसं उभी ऱ्हायची, आजा सांगायचा. त्या मानसाला जाग्यावर बघून मला बरं वाटलं. मी त्येचं चित्र काढलं, हात जोडले न्हाईत, नि घरी आलो. एवढंच."

"तिथं आणखी कोण होतं?"

"कोन नव्हतं. लांब तुमच्या मामीची मेंढरं हुती, पान्याच्या कडंला."

४

नकोशीमामी उन्हाळ्यात दरसाल कळप घेऊन उजनीच्या काठाला येई. पोरगी नको असताना झाली म्हणून आईबापांनी ठेवलेलं नाव. ती जन्मली जुन्या बोरवडीत, लग्न होऊन गेली लासुर्ण्याला. बाईंची आई लहानपणीच वारली, तेव्हा या बाईने भाचीला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. मामा गेल्याला आता बरीच वर्षं झाली होती. घरातल्या बाकीच्यांनी मेंढरं विकून ऊस लावला. मामीने मात्र काही मेंढरं, एक तट्टू आणि दोन कुत्री सोडली नाहीत.

सध्या तिचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, दादासाहेबांच्याच मोकळ्या रानात पडला होता. पेरणीआधी शेतात मेंढरं बसवली की लेंडीखताने जमीन सुधारते. त्यासाठी दादासाहेबांनीच तिला बोलावून घेतलं होतं. कळपाभोवती दोरीच्या जाळीचं कुंपण, वाघर, लावलेलं होतं आणि पलीकडे चुलीवर चहा उकळत होता. दिवस कलायला अजून अवकाश होता.

"त्या पोराला सोडलं का न्हाय?" मामीने कप पुढे करत पहिल्यांदा हेच विचारलं.

"उद्या तक्रार झाली की मग नाही सोडणार. त्याची नोकरी जाईल."

मामी चुलीत काटकी सरकवत राहिली. "दगडापायी मानसाची नोकरी कशी जाती?"

"मामी, तू रोज तिकडं असतेस. कुणाला बघितलंस?"

"न्हाय बा."

"मेंढरं तिथपर्यंत जातात का तुझी? चौथऱ्यापर्यंत?"

"वीराम्होरं?" मामी दुखावल्यासारखी झाली. "देवाच्या जागंत मी कदी मेंढरं घातली न्हाईत. घान करत्यात. आमचा बा सुदिक चपला लांब काढायचा. आता तुमची मानसं पायतानं घालून त्येच्यावर टेकून बसत्यात नि भजी खात्यात, ते सोड."

बाई चहा प्यायल्या आणि बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. जोडवं त्यांच्या मुठीत होतं. त्यांनी ते उन्हात धरलं. वरून नक्षी शाबूत होती. खालची बाजू मात्र झिजून कागदासारखी पातळ झाली होती.

डोक्यात एकेक गोष्ट येऊन शेजारी शेजारी बसू लागली, आणि बाईंना त्यातली एकही नको होती. नवरा असलेली बाई जोडवं काढत नाही, म्हणजे हे विधवेने जपून ठेवलेलं. तळाला इतकं झिजलंय म्हणजे ती आयुष्यभर चालत आलेली. तिने दगड हलवण्याआधी भंडारा उधळून त्याची परवानगी मागितली. तिला खेळाचा नियम माहीत होता, आणि तो नुसता ऐकून माहीत झाला होता. चाकाची खूण नाही, कारण चाकच नव्हतं. तट्टाला बांधून जाळीत घालून दगड ओढत नेता येतो, आणि ओढल्याची रेघ पुसायला वरून मेंढरं फिरवता येतात. एरवी ज्या जागेत मेंढरू जाऊ दिलं जात नाही, तिथं त्या दिवशी लेंड्या पडल्या होत्या.

चुलीपाशी मामी खोकली. बाईंना वाटलं, आत्ता एस.टी. पकडावी आणि बारामतीला निघून जावं.

५

त्या परत चुलीपाशी आल्या आणि मूठ उघडून जोडवं मामीसमोर धरलं. मामीने त्याच्याकडे बघितलं. मग पदराच्या टोकाची गाठ सोडली आणि दुसरं जोडवं काढून पहिल्याच्या शेजारी ठेवलं. तसंच झिजलेलं.

"एक दिलं," ती म्हणाली. "एक मामाचं म्हनून ठिवलं. तूच पोरांना शिकवत हुतीस अंगनात, त्येच्या तोलाचं ठिवावं म्हनून. माझ्याकडं दुसरं काय हाय त्या तोलाचं?"

"का गं नेलास, मामी?"

"मग काय करू? समदं माहेर पान्यात गेलं. घर गेलं, हीर गेली, आईला जाळली ती जागा गेली. तेवढा एक वीर उन्हाळ्यात भेटायचा. खाली कोरलेली मेंढरं हायत, गाई न्हाईत. शिंगं बघ की वळल्याली. आमच्यातला गडी हाय त्यो. आनि ह्यो दादासाब त्येला जाळीच्या दाराआड कोंडून वर आपल्या आज्याचं नाव घालनार. मग मी हात जोडायला त्येला इचारून जायचं?"

सातव्या डब्यातल्या हकिकतीत बाईंनी लिहिलं होतं, 'जनावरं राखताना पडलेला कुणी अनामिक'. दादासाहेबांना त्यात पाटील दिसला, विकीला वेसकर, मामीला धनगर. तिघांनाही तो आपला माणूस वाटला, हेच तर बाईंना हवं होतं. ते इतकं महाग पडेल असं कधी मनात आलं नव्हतं.

"कुठं आहे?"

मामीने हनुवटीने वाघरीच्या आत दाखवलं. मेंढरं दाटीवाटीने बसून रवंथ करत होती. "त्येंच्या खाली. पाऊस लागला की घेऊन जानार हुते लासुर्न्याला. ह्यो दादासाब दोनदा येऊन त्येच्यावर उभा ऱ्हायला, खत कसं पडलंय बघायला."

एवढ्या काळजीतही बाईंना हसू आलं, आणि लगेच मामीचं पुढचं वाक्य आलं.

"पोरगं आत जाईल असं मला वाटलं न्हवतं, जयवंते. मला वाटलं, बोंबलतील नि गप बसतील. पर आता सोपं हाय. दगड दादासाबाच्या रानात हाय. फौजदाराला तेवढंच सांग. मी वाडा हलवते. त्येच्या रानात घावला की पोरगं सुटलं. मला कोन इचारतंय?"

खरं होतं. एक शब्दही खोटं बोलावं लागणार नव्हतं. पोरगा सुटला असता, मामी सुटली असती, आणि दादासाहेबांना चारचौघांत मान खाली घालावी लागली असती, याचं बाईंना फारसं वाईटही वाटलं नसतं. त्या रात्री त्यांनी भिगवणला ओळखीच्यांकडे मुक्काम केला. झोप लागली नाही.

६

सकाळी नव्या बोरवडीच्या ग्रामपंचायतीसमोर खुर्च्या मांडल्या होत्या. दादासाहेब तक्रारीचा कागद घेऊन आले होते. फौजदारांनी विकीला सोबत आणलं होतं. मागून शालन आली होती. बाभळीखाली मामी काठीवर दोन्ही हात ठेवून उभी.

"दगड सापडला आहे," बाई म्हणाल्या. "दादासाहेबांच्या रानात, मातीत पुरलेला."

आधी कुणाला कळेचना. मग सावळाराम मोठ्याने हसला, आणि गर्दीत कुजबुज पसरली. "मूर्तीवाल्याला आधीच सांगून ठिवल्यालं," कुणीतरी म्हणालं. "लोकांकडनं देवळाची वर्गनी घ्यायची नि नाटक करायचं." काल ज्यांनी विकीला चोर ठरवलं, तेच लोक आता तेवढ्याच खात्रीने दादासाहेबांकडे बघत होते. फौजदारांनी हवालदाराला रानाकडे पिटाळलं आणि विकीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "जा तू घरी. तुझा कागद आज निघेल."

शालनने लेकाचा हात धरला. ती रडत नव्हती, फक्त तो हात सोडत नव्हती.

दादासाहेब खुर्चीतून उठायला गेले आणि पुन्हा बसले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मला ठावं न्हाय," ते म्हणाले. "आईशप्पत, मला कायबी ठावं न्हाय."

विकी जायला निघाला होता, तो हे ऐकून थांबला. काल चौकीत त्यानेही हेच म्हटलं होतं आणि कुणी ऐकलं नव्हतं. तो दादासाहेबांकडे बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

बाईंना फक्त गप्प बसायचं होतं. काम झालं होतं. त्यांनी बाभळीकडे बघितलं. मामी त्यांच्याकडेच बघत होती. आत्ता नाही बोलले तर पुन्हा वर्गात उभं राहून कुठल्या तोंडाने कुणाला काय घडलं ते शिकवायचं, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

"दादासाहेबांनी नेला नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या मामीनं नेला. नकोशीबाईंनी. विकायला नाही, जवळ ठेवायला. त्यांचं माहेर पाण्यात गेलंय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. भंडारा, जोडवं, लेंड्या, जाळी. संपल्यावर फौजदारांनी दादासाहेबांकडे बघितलं.

दादासाहेबांनी कपाळाचा घाम पुसला. मघाची भीती अजून त्यांच्या अंगातून गेली नव्हती. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात टाकली. "म्हाताऱ्या बाईवर केस करून मी काय मिळवू? केस नको," ते म्हणाले. "दगड तेवढा द्या. त्यो देवळातच बसंल."

आणि तसंच झालं. संध्याकाळच्या आत दगड धुऊन, गुलाल लावून, वाजतगाजत नेला. विकीने लांबून बघितलं आणि तो आईला घेऊन वस्तीकडे वळला.

बाई रानात गेल्या तेव्हा वाघर गुंडाळून झाली होती. मामी तट्टावर बिऱ्हाड बांधत होती. बाईंनी दोरीचं दुसरं टोक धरलं, तेव्हा मामीने ते धरू दिलं. दोघींनी ओढून गाठ घट्ट बसवली.

"मामी, रागावलीस?"

मामीने काठी उचलली आणि कुत्र्यांना हाक दिली. मग ती थांबली, पण तिने मागे वळून बघितलं नाही.

"मामा म्हनला हुता, पोरीला मेंढरामागं घाल, शाळंत नको. म्या भांडून शाळंत घातली," ती म्हणाली. "आता रागवू कुनावर?"

आणि ती मेंढरांमागून लासुर्ण्याच्या वाटेला लागली.